सारजाबाईची हाक

आमच्या धरणाच्या मधोमध एक बेट आहे. बीड जिल्ह्यात बेट म्हटलं की बाहेरची माणसं हसतात. इथं उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो आणि तुम्ही बेटाच्या गोष्टी काय सांगता, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. हसू देत. केज तालुक्यातल्या आमच्या काठावरून चप्पूनं, म्हणजे थर्माकोलच्या तराफ्यानं, वल्हवत गेलं की पाऊण तास लागतो. वारा सुटला तर दीड तास, आणि नशीबच फुटकं असेल तर माणूस परत येत नाही. म्हणून तिकडं सहसा कुणी फिरकत नसे. नेमानं जायची ती एकटी सारजाबाई.

तिची गोष्ट सांगायचा हक्क सगळ्यांत कमी कुणाला असेल तर मला. मी शाळेत शिक्षक. गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी मोजत हिंडतो, म्हणून वर्तमानपत्रात माझ्या नावाआधी 'पक्षीमित्र' असं छापून येतं. मला ते आवडतं. फार आवडतं. त्या आवडीपायी मी काय केलं ते पुढं येईलच.

सारजाबाई धनगराची. साठीला टेकलेली, काटक, तोंडात तंबाखू आणि तंबाखूहून जहाल जीभ. पहिल्यांदा तिनं मला पाहिलं तेव्हा मी बेटाच्या पूर्वेकडच्या टोकाला पालथा पडून दुर्बिणीतून घरटी बघत होतो.

"कोन हाय रं? मेलास का जिता हायेस?"

मी उठून बसलो आणि शाळेत गुरुजी आहे म्हणून सांगितलं.

"मग साळंत मरा की गुरुजी. हितं कावून?"

पण एवढं बोलून तिनं फडक्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. ती अशीच होती. आधी शिवी, मग भाकरी.

हे बेट म्हणजे तिच्या जुन्या गावाची टेकडी. धरण भरलं तेव्हा सारजाबाई दहा-अकरा वर्षांची होती. खालचं गाव, विहीर, चिंचा, सगळं पाण्यात गेलं आणि टेकडीचं डोकं तेवढं वर राहिलं. डोक्यावर बिरोबाचं ठाणं, त्याच्यासमोर ओळीनं उभे सात वीरगळ, आणि भोवती हिवर-निंबाची राई. या राईत कुऱ्हाड न्यायची नाही हा वाडीचा जुना नेम. पडलेली फांदीसुद्धा कुणी चुलीसाठी उचलत नसे. तिसऱ्या वीरगळाच्या तळाशी गाई कोरल्या आहेत. सारजाबाई त्यावर हात फिरवून म्हणायची, "ह्यो आमचा. गाई सोडवताना मेला. लई येडा असंल, न्हाई तर दुसऱ्याच्या गाईसाटी कोन मरतंय?" असं म्हणताना तिच्या तोंडावर अभिमान मावत नसे.

धरणात वाडीची पुरायची जागाही गेली. हे लोक माणूस मेलं की पुरत. नव्या वाडीला सरकारनं घरांना जागा दिली, मेलेल्यांना दिली नाही. मग वाडीनं आपला मार्ग काढला. माणूस गेलं की तेराव्याला त्याच्या नावानं एक पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी, चप्पूत घालून बेटावर न्यायची आणि बिरोबासमोर सोडायची. एकदा सोडली की ती देवाची. तिचं दूध काढायचं नाही, तिला विकायचं नाही, कापायचं नाही, आणि 'माझी' तर चुकूनही म्हणायचं नाही. बेटावर देवाचे बोकड असतच; तिला जी पिल्लं होतील ती त्याच माणसाच्या नावानं ओळखायची. पंचेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांत बेटावर सगळी वाडी उभी राहिली होती. खुरांवर, शिंगांसकट.

या सगळ्या शेळ्या ओळखणारी सारजाबाईच. दर रविवारी मासे धरणाऱ्या नाथाच्या चप्पूतून ती जायची. युसूफ वडगावच्या बाजारातून आणलेलं खडेमीठ ठाण्याजवळच्या सपाट दगडावर ठेवायची आणि हाक मारायची. एकच हाक नाही. प्रत्येक कुळीला वेगळी. "छबुबाईची, ये गं ये!" म्हटलं की तिच्या सासूच्या कुळीतल्या काळ्या, लांब कानांच्या शेळ्या तेवढ्या झुडपातून निघायच्या. नवऱ्याचं नाव सुंदरराव, पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्या कुळीला ती "त्येंची" म्हणायची. "त्येंची, या वो या!" आणि बोकडासकट पाच जनावरं रुबाबात यायची. मी हसलो की म्हणायची, "हसा. जित्तेपनी एका हाकेला कवा आलं न्हाईत, आता येतेत."

आणि सगळ्यांत शेवटी "रोहिणीची". रोहिणी तिची एकुलती एक लेक. विसाव्या वर्षी बाळंतपणात गेली, बाळासकट. तिच्या नावानं सोडलेली पाठ तांबडी होती आणि कपाळावर पांढरा ठिपका होता. ती शेळी कधीच मेली. तिच्या नातीच्या पोटची एक तेवढी उरली होती, तिच्या कपाळावरही तसाच ठिपका. तिला हाक मारताना सारजाबाईचा आवाज खाली यायचा. मीठ ती दगडावरून नाही, सारजाबाईच्या तळहातावरून चाटायची. 

आता माझ्याकडे या.

बेटाच्या पूर्व टोकाला उघड्या खडकावर नदीसुरय अंडी घालतात. राखी पाठ, पिवळी चोच, टोकदार पंख. पाण्यावरून सूर मारत जातात तेव्हा बघत राहावंसं वाटतं. मराठवाड्यात त्यांची एवढी मोठी वसाहत मी दुसरीकडं पाहिली नव्हती. एका उन्हाळ्यात मी कॉलेजची बारा पोरं घेऊन मोजणी केली. साठ घरटी. अकरांतली अंडी फुटलेली. दोन घरट्यांपाशी शेळीचं खूर उमटलं होतं. बाकी नऊ ठिकाणी बूट. आमचे बूट. पोरं मोजायच्या नादात तुडवत गेली होती आणि मी त्यांच्या पुढं होतो.

अहवालात मी लिहिलं: अंड्यांची नासधूस, प्रमुख कारण मोकाट शेळ्या.

एक वाक्य. लिहायला मिनिटसुद्धा लागलं नाही. वर्षभरानं बेट संरक्षित म्हणून जाहीर झालं, माझा फोटो छापून आला, शाळेत सत्कार झाला. बेटावर सरकारी माणसं आली आणि त्यांनी वारसा जपायचा म्हणून सातही वीरगळांवर पिवळ्या ऑइलपेंटनं आकडे टाकले. गाई सोडवताना मेलेला तो तीन नंबर झाला. सारजाबाईनं पदराला रॉकेल लावून तो आकडा पुसून बघितला. रंग पसरला, गेला नाही.

मग शेळ्या हलवायचं ठरलं. चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांबरोबर पंच म्हणून मी होतो. माणूस वाईट नव्हता, कामाचा होता. जीपमध्येच त्यांनी मला सरळ सांगितलं, "मालक निघाला तर नोटीस, सुनावणी, जनावरं ठेवायला जागा, वर्ष सहज जातं. बेवारस निघाल्या तर जाहीर लिलाव. आठ दिवसांत मोकळे." मी मान हलवली. फाल्गुनात पक्षी अंडी घालायला लागणार होते आणि माघ उजाडला होता.

वाडीच्या पारावर सगळी माणसं जमली. साहेबांनी विचारलं, "बेटावरच्या शेळ्या कुणाच्या?"

 सारजाबाईचा थोरला दीर आप्पाराव, वाडीचा कर्ता माणूस, फेटा सावरत म्हणाला, "देवाच्या."

"तुमची एखादी आहे का?"

"येक बी न्हाई."

साहेबांनी एकेकाला विचारलं आणि एकेकानं तेच सांगितलं, तेही छाती पुढं काढून. देवाला दिलेल्या वस्तूवर डोळा ठेवणारी आमची वाडी नव्हे, हे साहेबाला कळावं म्हणून. सारजाबाईची पाळी आली तेव्हा तिनं तंबाखू थुंकली आणि म्हणाली, "साहेब, आमी सोडलेलं परत आपलं म्हनत न्हाईत. म्हनलं तर मेलेलं मानूस दारात यून उबं ऱ्हातंय. त्याला ना हिकडं थारा ना तिकडं. माजी न्हाई, लिवा."

मी लिहिलं. जनावरांवर कुणीही मालकी सांगत नाही, सबब बेवारस. खाली आप्पारावाची सही, बाकीच्यांचे अंगठे. सारजाबाईनं शाईचा अंगठा लुगड्याला पुसत विचारलं, "काय लिवलं वो गुरुजी?"

"तुम्ही सांगितलं तेच."

त्या वेळी मी नुसतं एवढं म्हणायचं होतं, मावशी, एकदा खोटं बोला, माझ्या आहेत म्हणा. साहेब दहा हातांवर जीपमध्ये पाणी पीत होते. कुणी ऐकलं नसतं. मी कागदाची घडी घातली.

शेळ्या धरायला पंधरा मजूर जाळी घेऊन बेटावर उतरले. दोन दिवस नुसती पळापळ. माणसांची सवय नसलेली जनावरं ती, कड्याकडं धावली आणि तीन जणींनी पाण्यात उड्या टाकल्या. तिसऱ्या दिवशी त्या फुगून वाडीच्या घाटाला लागल्या. दोघी काळ्या, लांब कानांच्या. बायका धुणं टाकून ओरडत पळाल्या. छबुबाई दुसऱ्यांदा मेली, असं आप्पाराव म्हणाला. छबुबाई त्याची आई.

साहेबांनी मला बोलावलं. "ती म्हातारी हाक मारते म्हणे?"

मी सारजाबाईकडं गेलो. ती त्या दोन शेळ्यांना माती देऊन आली होती, हात कोपरापर्यंत चिखलात होते.

"तुम्ही हाक मारली नाही तर सगळ्याच बुडतील," मी म्हणालो. हे खरं होतं.

"आन् मारली तर? कुटं नेतेत?"

"काठावर."

"काटावर कुटं?"

"वाडीमागच्या बिरोबाच्या माळावर सोडतील, मावशी. माझ्या शब्दावर चला."

हे साहेब म्हणाले नव्हते. हे मी म्हणालो. तोंडातून गेलं आणि मला काही झालंसुद्धा नाही, हे मी आजही विसरलेलो नाही. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "तुमी हायसा म्हून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिठाचं गाठोडं घेऊन बेटावर उतरली. मजुरांना तिनं झाडांमागं बसवलं. बिरोबाला हळद वाहिली, नाक घासलं, आणि दगडापाशी उभी राहिली.

"छबुबाईची, ये गं ये!"

आल्या. भेदरलेल्या, काटे रुतलेल्या, पण आल्या. तिनं एकेकीच्या पायाला हात लावून नमस्कार केला आणि स्वतः दावं बांधलं. मग दुसरं नाव, मग तिसरं. म्हातारपणी गेलेले, विहिरीत पडलेले, तापानं गेलेली लेकरं, ऊसतोडीला जाऊन परत न आलेला एक भाचा. माणसाची आठवण यावी तसा आवाज बदलायचा. "त्येंची, या वो या!" म्हणताना ती थोडी लाजली. मी मागं उभा राहून हातातल्या कागदावर रेघा मारत होतो. साठ झाल्या.

शेवटी खालच्या आवाजात ती म्हणाली, "रोहिणीची."

ती तांबडी शेळी राईच्या कडेला उभी होती. येईना. माणसांचा वास लागला असेल. सारजाबाईनं तळहातावर मीठ घेतलं, खाली बसली आणि म्हणाली, "ये बया. मी हाय न्हवं." मग ती आली. तिला दावं बांधलं नाही. सारजाबाईनं तिला उचलून छातीशी धरलं आणि बाकी शेळ्या मजुरांच्या होड्यांत चढल्यावर ती तशीच चप्पूत बसली. नाथा वल्हं मारताना तोंड फिरवून रडत होता. त्याला काही माहीत नव्हतं, पण तो रडत होता. मला माहीत होतं आणि माझे डोळे कोरडे होते.

काठावर वाडी जमली होती, माळावर स्वागत करायला. कुणी भंडारा आणला होता, कुणी ढोल. आणि त्यांच्या पलीकडं दोन टेम्पो उभे होते, चौसाळ्याच्या बाजूनं आलेले. लिलाव सकाळीच तहसीलच्या गावी उरकला होता. खाटकाला माल पुरवणारा व्यापारी टेम्पोची फळी पाडून वाट बघत होता.

टेम्पो कशासाठी, हे सगळ्यांत शेवटी सारजाबाईच्या ध्यानात आलं. पहिल्या वीस शेळ्या चढवून झाल्या होत्या. मजूर तिच्या कडेवरची घ्यायला आला तेव्हा तिनं त्याचा हात झटकला.

"ही न्हाई द्यायची. ही माजी हाय."

ढोल थांबला. आप्पारावानं मान वर केली.

"माजी हाय," ती परत म्हणाली, मोठ्यानं, सगळ्या वाडीसमोर. "ही माज्या रोहिणीची. माजी हाय. साहेब, लिवा. आता लिवा!"

साहेबांनी फाईल उघडून तिचा अंगठा दाखवला. आवाज न चढवता समजावलं, की तुम्ही स्वतःच लिहून दिलं आहे, आता हे बदलत नाही, एकसष्ट नग कागदावर चढले आहेत. तिला वाचता येत नव्हतं, पण अंगठा ओळखता येत होता. ती त्या निळ्या ठिपक्याकडं बघत राहिली.

व्यापाऱ्यालाच दया आली. सगळ्यांमध्ये तेवढ्या एकाला. तो म्हणाला, "साहेब, मोजून ताब्यात आली म्हणून लिवा. ह्यातली येक मी मावशीला देतो. मावशी, जा घेऊन, तुमची तुमाला."

तिनं शेळीला आणखी घट्ट धरलं. वाटलं, घेऊन पळेल. पण आप्पाराव पुढं आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात नव्हतं.

"घिऊन जा. तुजी हाय म्हनलीस, आमी ऐकलंय. पर माजी आई त्या टेम्पोत हाय. तुजा नवरा हाय. समदी वाडी हाय. तुज्या हाकंवर आले ते. तुजी तेवढी लेक घरी ने, आन् आमच्याला कुटं धाडलं ते आमाला सांग."

टेम्पोतून शेळ्या ओरडत होत्या. सारजाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग छातीवरच्या तांबड्या शेळीकडं. तिच्या कपाळावरच्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. आणि फळीपर्यंत चालत जाऊन तिला आपल्या हातानं आत ठेवलं. ती शेळी ओरडली नाही. सारजाबाईच्या पदराला राहिलेलं मीठ चाटत राहिली, फळी वर उचलेपर्यंत.

आठ दिवसांनी मी वाडीत गेलो. शरमेनं नव्हे. साहेबांनी पाठवलं होतं. सहकार्याबद्दल सारजाबाईचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा होता आणि निमंत्रणाचा कागद माझ्या खिशात होता.

वाडीनं तोवर तिला बाजूला टाकलं होतं. पारावर चढायचं नाही, ठाण्याच्या बाजूला तोंड करायचं नाही, कुणाच्या लग्नाला नाही, कुणाच्या मातीला नाही. ती आपल्या घराच्या मागच्या अंगाला, उकिरड्यापाशी बसली होती. मला बघून चार माणसं धावून आली. एकानं कॉलर धरली, एकाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. आप्पाराव ओरडला, "ह्यानंच लिवलं! ह्याला समदं ठावं हुतं! इचारा त्याला!"

मी काही बोलण्याआधी सारजाबाई उठून मध्ये आली. आठवड्यात ती एवढीशी झाली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "गुरुजी, तुमाला म्हाईत हुतं का वो?"

 दांडा धरलेल्यानं तो खाली टेकवला. एक शब्द होता. तो शब्द बोललो असतो तर मला मार बसला असता, कदाचित हाड मोडलं असतं, आणि सारजाबाईच्या डोक्यावरचा दोष उतरला असता. ती परत पारावर चढली असती.

"नव्हतं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. तिला बरं वाटलं, हे मी पाहिलं. मग ती वाडीकडं वळून म्हणाली, "सोडा गुरुजीला. त्येंचा काय दोष? त्येंला बी फसीवलं. हाक मी मारली, त्येंनी न्हाई." आणि आप्पारावाच्या सुनेला म्हणाली, "बबिता, मान्साला पानी दे. च्या टाक. उन्हातनं आलंय."

बबितानं चहा टाकला. मला पारावर, आप्पारावाशेजारी, घोंगडी अंथरून बसवलं. सारजाबाई परत उकिरड्यापाशी जाऊन बसली, तिला कुणी कप दिला नाही. माझ्या कपातला चहा गोड होता, आलं घातलेला. मी तो सगळा प्यालो.